ठमाबाईचा लोटा

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. पण खरं सांगते – बरेचदा चहाचा कप हातात धरून, हसत हसत. कोणाला चिंचेखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पैंजण वाजतात... आणि माझं तोंड वाकडं होतं. चौतीस वर्षं मी नर्सची नोकरी केली, त्यातली सव्वीस मानसिक रुग्णालयात. जिथे रोज दहा जणींच्या कानात कोणीतरी बोलत असतं आणि गोळ्या सुरू केल्या की गप्प होतं, तिथे काम केलेल्या बाईचा असल्या गोष्टींवर विश्वास बसणं कठीण. माझी सून म्हणते, "आई, तुम्हाला भूत दिसलं ना, तर तुम्ही आधी त्याचा ताप बघाल." बरोबर आहे तिचं.

तरी एक गोष्ट अशी आहे की ती मला कुठल्याच केस पेपरवर बसवता आली नाही. इतकी वर्षं ती कोणाला सांगितली नाही, कारण एका म्हातारीला तसा शब्द दिला होता. आता ती नाही, आणि ज्याच्यापासून लपवायचं होतं तो तिचा मुलगाही मागच्या उन्हाळ्यात गेला. म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत.

साल १९७७. नागपूर. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. शहरात तसंही सगळे त्याला पागलखानाच म्हणायचे. सदर भागातल्या चौकातून सायकलरिक्षा केली आणि कुठे जायचं ते सांगितलं की रिक्षावाला आधी मला वरपासून खालपर्यंत बघायचा, मग पांढरी साडी आणि टोपी दिसली की "बसा सिस्टर" म्हणायचा. माझा वॉर्ड म्हाताऱ्या बायकांचा. बावीस खाटा, उंच कौलारू छत, पुढे व्हरांडा, व्हरांड्यासमोर एक कडुनिंब आणि त्याच्या बुंध्याशी नळ.

या वॉर्डात एक गोष्ट मी सुरू केली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. संध्याकाळ झाली की म्हाताऱ्या सैरभैर व्हायच्या. कोणी घरी जायला निघायची, कोणी मेलेल्या नवऱ्याला जेवायला हाका मारायची. मी स्वतः देवाधर्माची फारशी नव्हे, पण माझ्या लक्षात आलं की यांना गोळीशिवाय आणखी काहीतरी लागतं. आयुष्यभर दिवेलागणीला ज्या बायकांनी हात जोडले, त्यांचे हात आपण इथे रिकामे ठेवले आहेत. मग मी घरून गणपतीची एक तसबीर आणली, भिंतीला लावली, आणि रोज पाच वाजता आरती सुरू केली. सगळ्यांना अंगारा लावायचा, चिमूटभर साखर द्यायची. खरंच फरक पडला. डॉक्टरसाहेब राउंडला पाहुणे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ही आमच्या सिस्टरची कल्पना." मी वरवर लाजायची, आतून फुगायची.

ठमाबाई आली ती वैशाखात. कामठीहून तिच्या मुलानं, धनराजनं, आणून सोडली. तो पावरलूमवर कामाला होता, तिशीचा, अबोल. म्हातारी पासष्टीची असेल, हाडांचा सापळा. तक्रार अशी की जेवण सुटलेलं, झोप नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी पीत नाही. घसा कोरडा पडायचा, ओठांना भेगा जायच्या, पण ग्लास समोर धरला की मान फिरवायची. एकच वाक्य दिवसभर – "मी खोटी हाय. मी खोटी हाय." डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारपणचं औदासीन्य, अपराधाचा भ्रम, असं पुष्कळ बघायला मिळतं. सोबत तिचा एक पितळी लोटा होता. त्यात पाणी भरून तो उशाशी ठेवायचा, हा तिचा हट्ट. पण त्यातलं ती एक घोटही घ्यायची नाही. आम्ही चमच्या-चमच्यानं पाजायचो.

नोंदणीचा कागद मीच भरला. नाव, वय, गाव... आणि धर्माच्या रकान्यात मी 'हिंदू' लिहिलं. विचारलं नाही. समोर मुलगा उभा होता, म्हातारी बाकावर बसली होती, आणि मी विचारलं नाही. नाव ठमाबाई, नऊवारी लुगडं – हात आपोआप चालला.

शेजारच्या खाटेवर गिरजाबाई. ही उमरेडच्या विणकर घरातली विधवा, माझ्या आधीपासून वॉर्डात. नऊ वर्षांत तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. कानानं ठीक, जीभ-घसा ठीक, पण बोलणं बंद. फक्त हात चालायचे. बसल्या जागी उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे, मध्येच एक हिसका. नवीन डॉक्टर यायचे आणि त्याला कंप म्हणायचे. मी पाचपावलीतल्या कोष्ट्याची मुलगी. माझा बाप मागावर म्हातारा झाला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की बाई धोटा फेकते आहे. तिच्यापुढे माग नव्हता इतकंच.

तर ठमाबाईला मी रोज पाच वाजता आरतीला बसवायची. ती विरोध करायची नाही. हात जोडून द्यायला लागायचे, ते जोडलेले राहायचे. कपाळाला अंगारा लावला की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. रोज... अगदी रोज. मला वाटायचं, भक्तीनं रडते. केस पेपरवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे – 'प्रार्थनेला चांगला प्रतिसाद.' पाच महिने मी हे लिहीत होते.

धनराज दर महिन्याला एकदा यायचा, रविवारी सकाळी. आरती त्यानं कधी बघितलीच नव्हती. पण त्या वर्षी दसऱ्याला तो संध्याकाळी आला. पांढरा स्वच्छ शर्ट, पांढरा पायजमा, पायांवर धूळ. आमच्या वॉर्डात दसरा म्हणून जरा मोठी पूजा होती. मी ताट घेऊन रांगेत फिरत होते, ठमाबाईच्या कपाळाला बोट लावलं, आणि मान वर केली तर तो दारात उभा.

त्यानं चपला दारात काढल्या. आत आला, आईसमोर उकिडवा बसला, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. हळू, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसं.

"सिस्टर," तो म्हणाला, "आमच्यात हे नाही करत. आम्ही बौद्ध आहो. छप्पन सालचे. मी आत्ता दीक्षेच्या मैदानावरूनच येऊन राहिलो."

माझ्या हातात ताट होतं आणि ते ठेवायला जागा सापडेना. मी म्हटलं, "अहो, मग इतक्या दिवसांत सांगितलं का नाही?"

"काय करता तुम्ही इथं, मले काय माहीत? अन् भरती केली तवा तुम्ही विचारलं असतं तं सांगितलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

"मायनं त्या दिवशी स्वतः दीक्षा घेतली, सिस्टर," तो पुढे म्हणाला. "आमच्या वस्तीत दर साली मायले उभी करतात, काय काय झालं ते सांगायले. माय सांगते तं लोक रडतात."

हे तो बोलत असताना मी ठमाबाईकडे बघत होते. ती मुलाकडे बघत नव्हती. उशाशी ठेवलेल्या लोट्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते – "खोटी हाय... खोटी हाय..."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला कडुनिंबाखाली नेलं, केस विंचरायला म्हणून. खरं तर माफी मागायची होती. मला माफी मागता येत नाही, आमच्या घरात कोणालाच येत नाही. फणी फिरवत फिरवत म्हटलं, "आजी, माझं चुकलं. तुम्हाला पाच महिने नको ते करायला लावलं. तुम्ही नाही का म्हणाला नाहीत हो?"

तिनं लुगड्याच्या पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "मले वाटलं, माही शिक्षा होय. मी खरी नाही म्हनून हे बाई मले मांगं, जुन्या देवायकडं नेऊन राहिली."

फणी माझ्या हातात तशीच राहिली. मग तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये थांबत. जसं तिनं सांगितलं तसं लिहिते.

छप्पनच्या दसऱ्याला ते चौघं दीक्षेच्या मैदानावर गेले होते. नवरा पुढे गर्दीत. ती, नऊ वर्षांचा धनराज आणि तीन वर्षांची शेवंता मागे एका झाडाखाली. शेवंताला आदल्या दिवसापासून ताप. ऊन चढलं तशी पोरगी पाणी मागायला लागली. ठमाबाईनं धनराजला बजावलं, "इथून हालू नको, पोरीपाशी बस," आणि लोटा घेऊन नळावर गेली. नळावर ही एवढी रांग.

"अन् तवाच ते सुरू झालं, बाई. भोंग्यातून आवाज आला. बाबा एक एक सांगत होते, अन् सारे मांगून म्हनत होते. रांगेतले बी सारे. हात जोडून, डोये मिटून उभे. कोनी जागचं हालत नव्हतं..."

"मग?"

"मंग मी पुढं गेली." तिनं हात डोळ्यांवर घेतले. "साऱ्यायले ओलांडून गेली. त्यायचे डोये मिटले होते ना. मी नळावर गेली अन् लोटा भरला. सारी दुनिया म्हनत होती, अन् माह्या हातावर पानी पडून राहिलं होतं. माह्या तोंडातून एक शबूद नाही निंघाला. पोरीची तहान होती डोक्शात."

ती परत आली तेव्हा पोरगी निपचित पडली होती. लोटा तोंडाला लावला तर पाणी गालावरून ओघळलं. त्या संध्याकाळी शेवंता गेली, शुद्धीवर न येता. नवऱ्याला, वस्तीला, सगळ्यांना वाटलं की ठमाबाईनं झाडाखाली बसून सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली. तिनं तसंच वाटू दिलं. पुढे देव विसर्जन केले, विहारात जाऊ लागली, त्रिशरण-पंचशील हजारदा म्हटलं. पण आत एक राहिलंच – त्या दिवशी मी घेतली नाही, मी लपून आत आले. आणि दर वर्षी वस्ती तिला उभी करायची...

"लोकायचं आयकून आयकून सांगितलं, बाई. मले काय ठाव? मी तं नळावर होती. ना दीक्षा भेटली, ना माही पोरगी पानी पेली. तहानेली गेली ती."

मी बाकीचं सगळं विसरेन, पण ते 'तहानेली गेली' विसरणार नाही.  मी तिला विचारलं, "मग आजी, आता घ्यायची का दीक्षा? विहारातल्या भंतेजींना बोलावते."

पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "देतील मले?"

"का नाही देणार?"

"पन धनराजले सांगू नका. त्याच्यासाठी त्याची माय खरी राहू द्या."

मी शब्द दिला. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि त्या दिवशी संध्याकाळी कोणी न सांगता अर्धी भाकर खाल्ली. आरतीच्या वेळी मी तिला व्हरांड्यात बसवू लागले. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ती त्रिशरण पुटपुटायची, जणू परीक्षेची तयारी. शब्द विसरायची, परत सुरू करायची. शेजारी गिरजाबाईचे हात चालूच.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. गुपित सांगितलं नाही, फक्त म्हटलं की पेशंटला भंतेजी हवेत. ते माणूस म्हणून चांगले होते. पण म्हणाले, "सिस्टर, भ्रमाला खतपाणी घातलं तर तो वाढतो." मी म्हटलं, "साहेब, आरती चालते ना आपल्याला? ते खतपाणी नाही?" त्यांनी राउंडची वही मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे. बघू. दिवाळी होऊन जाऊ दे."

आणि इथे माझी दुसरी चूक. मीसुद्धा मान हलवली. दिवाळी होऊन जाऊ दे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं दिवाळीनंतर, साड्या, फराळ, पाहुणे... ज्या विहारात भंतेजी राहायचे तो रुग्णालयापासून रिक्षानं वीस मिनिटांवर होता. मला एका दुपारी जाऊन येता आलं असतं. ठमाबाई रोज विचारायची, "कवा येतील, बाई?" आणि मी म्हणायची, "येतील हो आजी, गडबड काय आहे." रजेवर निघाले त्या दिवशीही हेच म्हटलं.

बारा दिवसांनी परत आले तर ठमाबाईला लकवा झालेला. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, आणि वाचा गेली होती. फक्त डोळे ओळखीचे. मला बघून तिनं डाव्या हाताचं एक बोट उचललं आणि लोट्याकडे केलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले. ड्यूटीवर मी त्याआधी कधी रडले नव्हते.

त्याच दिवशी, ड्यूटी संपल्यावर घरी न जाता मी विहारात गेले. डॉक्टरांना विचारलंच नाही. भंतेजी म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना मी सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, "पण तिला बोलता येत नाही. चालेल का?"

ते म्हणाले, "मी माह्याकडून म्हणतो. त्या मनात म्हणतील. उद्या तीन वाजता येतो."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते आले. माझी एक पांढरी साडी मी ठमाबाईला गुंडाळली होती, पाठीला दोन उशा लावून बसती केली होती. भंतेजींनी बुद्धाची लहानशी तसबीर स्टुलावर ठेवली, सोबत आणलेली कण्हेरीची फुलं वाहिली, आणि डोळे मिटून बसले. बाकीच्या म्हाताऱ्या आपापल्या खाटांवर – काही झोपलेल्या, काही बघत होत्या. मी ठमाबाईच्या डाव्या बाजूला, तिचं मनगट माझ्या हातात. गिरजाबाई माझ्या पाठीमागे.

भंतेजींनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.  ठमाबाईचे ओठ थरथरले, घशातून नुसती घरघर आली. तिच्या डोळ्यांत जी भीती मी बघितली, ती सांगता यायची नाही. परत तेच होत होतं तिच्यासोबत. दुनिया म्हणते आहे आणि आपल्या तोंडातून शब्द निघत नाही.

"म्हणा, माय," भंतेजी डोळे न उघडता म्हणाले आणि ओळ पुन्हा म्हटली.

आणि उत्तर आलं.

आवाज ठमाबाईचा होता. जाडसर, घोगरा, प्रत्येक शब्दाआधी एक लहान श्वास घ्यायची तिची सवय – तीच. मी आधी तिच्याच तोंडाकडे बघितलं. ते वाकडं, बंद. आवाज माझ्या पाठीमागून येत होता. मी वळले. गिरजाबाई खाटेवर ताठ बसली होती, डोळे समोर, आणि तिचे ओठ हलत होते. तिचे हात... इतक्या वर्षांत मी ते जागेपणी थांबलेले बघितले नव्हते. ते मांडीवर शांत पडले होते.

भंतेजी सांगत गेले, ती म्हणत गेली. तिन्ही वेळा त्रिशरण, मग पाची शीलं. एक शब्द चुकला नाही. माझं बोट ठमाबाईच्या नाडीवर होतं आणि ती हळूहळू संथ होत होती; माझी कोणी मोजली असती तर मलाच भरती केलं असतं. भंतेजींचे डोळे शेवटपर्यंत मिटलेले होते.

सगळं संपल्यावर ते वाकून तसबीर उचलत होते, तेव्हा गिरजाबाईनं मान वळवली. सरळ ठमाबाईकडे बघितलं आणि म्हणाली – या वेळी बारीक, कापऱ्या, परक्या आवाजात, तो बहुधा तिचा स्वतःचा असावा – "पोरगी पानी पेली वं."

एवढंच. मग तिचे हात पुन्हा चालू लागले.

ठमाबाईनं तोंड उघडलं. मी यांत्रिकपणे तिच्याच लोट्यात चमचा बुडवला आणि तिच्या जिभेवर पाणी सोडलं. तिनं गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. लोटा जवळजवळ निम्मा संपला.

फाटकापाशी भंतेजी मला म्हणाले, "बाई, तुम्ही तं म्हणत होत्या बोलता येत नाही. मायनं किती साफ म्हटलं." मी त्यांना रिक्षा करून दिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ठमाबाई गेली. झोपेत, कुठलाही त्रास न होता.

आता तुम्ही म्हणाल, यात न समजण्यासारखं काय आहे? मीही स्वतःला हेच म्हटलं. कित्येक आठवडे ठमाबाई शेजारच्या खाटेवर त्रिशरण पुटपुटत होती. गिरजाबाईच्या कानात ते बसलं असणार, लकबीसकट. वर्षानुवर्षं न बोललेला पेशंट एखाद्या क्षणी बोलतो, हेही ऐकून होते. पोरीचं आणि पाण्याचंही ठमाबाई झोपेत बरळली असेल, आणि त्या बिचारीनं आपल्या परीनं तिची समजूत काढली असेल. सगळं व्यवस्थित बसत होतं. मी माझी समजूत घालून घेतली आणि कामाला लागले.

आठ दिवसांनी धनराज आईचं सामान न्यायला आला. एक लुगडं, चष्मा, लोटा. मी ते त्याच्या हातात दिलं. तो लोटा उलटसुलट करत उभा राहिला. मग विचारलं, "सिस्टर, वाचा जायच्या आधी मायनं काही म्हटलं का हो?"

दीक्षेचं सांगायचं नव्हतं. काहीच नाही म्हणायला जीव धजेना, त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून मी म्हटलं, "हो. म्हणाल्या, पोरगी पाणी प्यायली."

तो खाली बाकावर बसला.   मी पाणी आणू का विचारलं, तर मान हलवली.

"सिस्टर, हे कोनालेच माहीत नाही," तो म्हणाला. "माह्याशिवाय कोनाले नाही."

"काय?"

"माय नळावर गेली होती. मले म्हणे, हालू नको. पन शेवंता लय रडे पान्यासाठी. बाजूले एक घरचे लोक बसले होते, त्यायच्यापाशी मडकं होतं. मी उठून गेलो, गिलासभर मागून आनलं. सारं पेली ती. गटागटा. हसली माह्याकडं पाहून... अन् मंग झोपली. माय आली तं ती उठलीच नाही." त्यानं लोटा छातीशी धरला. "मले वाटलं, त्याच पान्यानं मेली. मी पाजलं म्हनून मेली. मायनं हालू नको म्हटलं होतं. एकवीस वर्षं मी हे कोनाले बोललो नाही. मायले कसं सांगू?"

मी त्याच्याजवळ बसले. ताप कसा चढतो, ग्लासभर पाण्यानं कोणी मरत नाही, तिला पाणी मिळालं हे किती चांगलं झालं – जे नर्सला माहीत असतं ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, ठाऊक नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "म्हंजे मायले माहीत होतं. माहीत होतं, अन् कधी रागावली नाही मले."

मी 'हो' म्हटलं.

एकाच खोलीत एकवीस वर्षं ती मायलेकरं राहिली. ती रडायची पोरगी तहानेली गेली म्हणून, तो जळायचा आपण पाणी पाजलं म्हणून. दोघांपैकी एकानं एक वाक्य बोललं असतं तर... आणि ते वाक्य शेवटी बोललं कोण, तर त्या मैदानाशी, त्या घराशी, त्या धर्माशी काहीही संबंध नसलेली उमरेडची एक मुकी बाई. तिला ते कोणी सांगितलं? ठमाबाईला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. धनराज गिरजाबाईशी कधी एक शब्द बोलला नव्हता. माझी सगळी स्पष्टीकरणं त्या बाकापर्यंत येऊन थांबतात.

तो गेल्यावर मी ठमाबाईचा केस पेपर काढला. धर्माच्या रकान्यातलं 'हिंदू' खोडून 'बौद्ध' लिहिलं आणि खाली सही केली. फाइल बंद होऊन रेकॉर्डला जायची होती, ती कोणी पुन्हा उघडणार नव्हतं. तरी लिहिलं. त्यानंतर नवीन म्हातारी आली की ताप बघायच्या आधी मी तिला विचारायची – आजी, तुम्ही हात कोणापुढे जोडता?

गिरजाबाई पुढे चार वर्षं जगली. पुन्हा कधी बोलली नाही. दुपारी वॉर्ड निजला की मी स्टूल घेऊन तिच्याजवळ बसायची आणि विचारायची, "गिरजाबाई, तुम्हाला कसं कळलं हो?" ती समोर बघत राहायची आणि तिचे हात चालत राहायचे. मी थोडा वेळ बसायची, मग तिला पाणी पाजून उठायची.